उपटलेलं रोप आधी

कोरी पानं शोधताना जुनी वही हाती आली. एका पानावर चिखलाचा वाळलेला ठसा दिसला आणि मी पाच वर्षं मागे, आमच्या किन्हवलीच्या शेतात जाऊन पोचले.

आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू होती. रोपांचा हिरवा, ओला वास सुटला होता. मी बांधावर बसून दिवसभराच्या कामांची यादी करत होते. सोपी कामं वर घेतली होती: साबण, मोबाइलचं रिचार्ज, मैत्रिणीचं पुस्तक. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज सगळ्यात खाली. आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मला त्याची भीतीच वाटत होती.

आईला वाचता येत नाही. चिखलात उभी राहून ती म्हणाली, "वाच बघू मोठ्यानं."

मी वाचली.

"यातलं आज नाय केलं तर मरंल असं काय हाय?"

"अर्ज. आज शेवटचा दिवस आहे."

"मग तो तळाला कशाला? साबण काय सुकून जातोय?" तिने हातातली रोपांची जुडी दाखवली. "उपटलेलं रोप आधी लावायचं गो. कुठं लिवलाय तो अर्ज?"

मी ओळ दाखवली. तिने तिथे चिखलाचा अंगठा टेकवला. "हे पयलं. पळ, एसटी चुकंल."

अर्ज वेळेत पोचला.

आज कोऱ्या पानावर यादी केली. नोकरीच्या मुलाखतीची तयारी नकळत शेवटी लिहिली गेली होती. ती खोडली आणि सगळ्यात वर लिहिली.