नोंद तर असणारच

सरकारी दप्तरावर माझ्या सासऱ्यांइतका जीव लावणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याची कुठेतरी रीतसर नोंद असेल, असं ते स्वतःच म्हणाले असते. साताऱ्याच्या कोर्टात ते शिपाई म्हणून लागले, दाराशी उभं राहून पुकारा करता करता परीक्षा देत गेले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, एवढंच. सकाळी अंघोळ करून काळा कोट चढवायचा, कोर्टाच्या आवारात जायचं, नोटीस बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि मग घरी येऊन जेवायचं, हे चालूच राहिलं. परगावी गेले तरी तेच. काशीला गेले तेव्हा सासूबाई घाटावर आणि हे कचेरीत. संध्याकाळी दोघंही सारख्याच समाधानाने धर्मशाळेत परतले. माणसाला अर्ध्या नावाने हाक मारणं त्यांना अपमान वाटे. आमच्या लग्नात दुसरी पंगत बसायला उशीर होतोय म्हटल्यावर त्यांनी मांडवाच्या दारात उभं राहून एकेका पाहुण्याचा नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा पुकारा केला. आवाज असा, की शेजारच्या कार्यालयातलेही दोघे आमच्याकडे येऊन बसले.

सासूबाई गेल्यावर बायकोने हट्ट धरून त्यांना आमच्याकडे शारजाला बोलावून घेतलं. आम्ही तेव्हा अल नहदाला राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विमानतळावर त्यांना बाहेर यायला इतका वेळ लागला, की बायको रडायच्या बेतात आली. शेवटी आले, कोट घालूनच. म्हणाले, "शिक्का पुसट उठला होता. त्या साहेबाला म्हटलं, पुन्हा मारा. बिचाऱ्याने मारला." गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न, "जावईबापू, इथलं कोर्ट कुठंशी आलं?" माझी मुलगी मागून म्हणाली, "आजोबा, नोबडी गोज टु कोर्ट फॉर फन." त्यांना इंग्रजी समजत होतं, पण ही कल्पना समजली नाही.

पहिले काही दिवस त्यांचे फार जड गेले. वाचायला बोर्ड नाही, आणि होते ते अरबीत. लिफ्टमधला बोर्ड तेवढा इंग्रजीत होता, तो ते रोज वाचत. आमच्याच मजल्यावर ग्रेसी राहायची, वसईची. तिचा नवरा पास्कल दुबईच्या एका हॉटेलात पाहुण्यांची व्हॅन चालवायचा. दिवसभर तो कामावर, त्यामुळे सासऱ्यांची आणि त्याची गाठ पडलीच नव्हती. पण ग्रेसीशी त्यांचं छान जमलं होतं. ती त्यांना अंकल म्हणायची आणि ते तिला ग्रेसी पास्कल परेरा म्हणायचे. तिची लहान मुलगी आमच्या दारात आली की तिलाही पूर्ण नाव सांगितल्याशिवाय आत प्रवेश नसे.

एका शनिवारी पास्कल विमानतळावर पाहुणे आणायला गेला आणि परत आला नाही. हॉटेलने फोनवर सांगितलं ते इतकंच : अल कुसैसच्या बाजूला अपघात झाला, रस्ता ओलांडणारा एक माणूस जखमी झाला, पास्कलला पोलिसांनी नेलं. कुठे नेलं? हॉटेलचा माणूस म्हणाला, "उद्या कळेल, इन्शाल्ला." ग्रेसी आमच्या सोफ्यावर बसली होती आणि तिच्या हातातलं पाणी तसंच राहिलं होतं. सासरे उठून कोट घालायला गेले.

"अटक झाली म्हणजे नोंद झाली," ते बटणं लावत म्हणाले. "नोंद झाली म्हणजे ती घरच्यांना दाखवावी लागते. रडू नका. नोंद तर असणारच."

मी अर्धी रजा टाकून दोघांना एका पोलीस स्टेशनात घेऊन गेलो. आत गारवा, स्वच्छ फरशी, आणि काउंटरमागे एक तरुण पोलीस, ज्याला कामापुरतं हिंदी येत होतं. सासऱ्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकून पास्कलचं पूर्ण नाव सांगितलं. पोलिसाने कम्प्युटरमध्ये काहीतरी घातलं, पाहिलं आणि मान हलवली.

"ये नाम नहीं है, बाबा."

"फिर देखो. अटक का दिनांक शनिवार."

"नहीं है." मग त्याने कुतूहलाने विचारलं, "आप उसका कौन?"

"मैं मेरे जावई का... ये जो खडे हैं, इनका ससुर. और वो इनका पडोसी."

पोलीस हसला आणि त्याने तिघांना पाण्याच्या बाटल्या दिल्या. "बुक्रा आना," तो म्हणाला. म्हणजे उद्या.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून निघता येईना, म्हणून ग्रेसी आणि सासरे दोघंच गेले. मग रोजच जाऊ लागले. ते स्टेशन, पलीकडचं स्टेशन, वाहतूक पोलिसांचं ऑफिस, इस्पितळ, पुन्हा पहिलं स्टेशन. सासरे प्रत्येक ठिकाणी आधी भिंतींवर नजर फिरवत. साताऱ्याला कोण कोठडीत आहे हे पोलीस ठाण्यात गेलं की कळतं, नाही कळलं तर कोर्टात कळतं, आणि तिथेही नाही कळलं तर बाहेरचा चहावाला सांगतो. इथे कुणी सांगत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी हाकलतही नव्हतं. "खुर्ची देतात, चहा देतात, बाबा म्हणतात," ते संध्याकाळी बायकोला सांगत होते. "खेकसला असता एखादा तर मी वर तक्रार केली असती. आता तक्रार तरी कशाची करू, चहाची?"

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत, अर्जदार नम्रपणे असं निवेदन करतो की, अशा थाटाचा. त्यात पास्कलचा स्वभाव, ग्रेसीची अवस्था, मुलीचं वय आणि नैसर्गिक न्यायाचं तत्त्व असं सगळं आलं होतं. तो अरबीत करून घ्यायला दोघं टायपिंग सेंटरमध्ये गेले. तिथल्या मल्याळी माणसाने अर्ज शांतपणे वाचला आणि तीन ओळी टाइप करून कागद पुढे केला.

"एवढंच?" सासरे मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "बाकी का कहाँ गया?"

"अरबी में इतना ही होता है, अंकल."

पोलीस स्टेशनात त्या तीन ओळींवर शिक्का बसला आणि कागद ट्रेमध्ये गेला. शिक्का ठळक होता, असं सासरे म्हणाले; पण म्हणताना त्यांच्या आवाजात पूर्वीसारखी खुशी नव्हती. हळूहळू ते जेवताना बोलेनासे झाले. रात्री कोट ओल्या फडक्याने पुसून खुर्चीला लावायचे आणि सकाळी पुन्हा तोच घालून निघायचे, त्या उन्हात. बायको म्हणाली, "बाबा, निदान कोट तरी राहू दे." ते म्हणाले, "कोट नसला तर मी कोण आहे तिथे?"

पास्कल सापडला तो आमच्या कुणाच्या प्रयत्नाने नाही. एका दुपारी त्याने स्वतःच तुरुंगातून फोन केला. ग्रेसी तेव्हा आमच्याकडेच होती, कारण त्या दिवसांत ती स्वतःच्या घरात एकटी बसत नसे आणि फोन वाजलेला ऐकू यावा म्हणून दोन्ही दारं सताड उघडी ठेवत असे. फोन वाजताच पळत घरी गेली आणि लांब वायरीचा तो फोन ओढत आमच्या दारापर्यंत आली. पास्कल ठीक होता. जखमी माणूस अजून इस्पितळात होता आणि तो उठेपर्यंत याला सुटका नव्हती. पहिले बरेच दिवस त्याला स्टेशनातच ठेवलं होतं, मग तुरुंगात हलवलं. कुठलं स्टेशन, तेही त्याने सांगितलं. आम्ही पहिल्या दिवशी गेलो होतो तेच. "इथे मला बास्काल म्हणतात," तो म्हणाला होता. "बास्काल बरेरा. यांच्यात प नाहीच ना." कम्प्युटरमध्ये तो त्या नावाने बसला होता, आणि आम्ही काउंटरशी उभं राहून भलत्याच नावाचा माणूस मागत होतो.

ग्रेसी रडत होती आणि हसत होती. माझी बायको तिला धरून बसली. सासरे मात्र उभेच होते. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे आपण ते बाटलीतलं पाणी प्यालो, तेव्हा तो आत होता?"

"हो, मामा."

"भिंतीच्या आड?"

"असेल."

ते खाली बसले. "एक पुकारा करायला हवा होता मी," ते म्हणाले. "काय केलं असतं त्यांनी? फार तर बाहेर काढलं असतं. पण त्याला आत ऐकू गेलं असतं. कुणी आलंय एवढं तरी कळलं असतं त्याला." मी म्हटलं, आपल्याला कुठे माहीत होतं. त्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

तुरुंगात भेटीला घरच्यांनाच सोडत. ग्रेसी आत जायची आणि सासरे बाहेर रस्त्याकडेच्या झाडाखाली रुमाल अंथरून बसायचे. ती बाहेर आली की विचारायचे, जेवायला नीट देतात का, झोप लागते का, कपडे आहेत का. बाकी काही विचारत नसत. कोर्ट कुठे आहे हेही त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. मग त्यांचा व्हिजिट व्हिसा संपला. पास्कल अजून आतच होता. विमानतळावर शिक्का मारून घेतला तो त्यांनी पाहिलाही नाही, पासपोर्ट तसाच खिशात टाकला.

पुढे हॉटेलने पास्कलला कामावरून कमी केलं. ग्रेसीला मुलीला घेऊन वसईला परतावं लागलं आणि त्यांच्या घरात हैदराबादचं एक कुटुंब आलं. तो जखमी माणूस बरा झाला, हे देवाचे उपकार. पण पास्कल सुटला तो तुरुंगातून थेट विमानात बसवला गेला. इतकी वर्षं आमच्या समोर राहिलेला माणूस, आमची त्याची निरोपाचीही भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर साताऱ्याला होतो तेव्हा पास्कल आणि ग्रेसी तिथे आले. वेलची केळ्यांचा घड आणि घरी केलेला केक घेऊन, पत्ता विचारत विचारत. सासरे घरीच होते. सकाळचं कोर्टात जाणं त्यांनी परत आल्यापासून सोडलं होतं; विचारलं तर म्हणत, गुडघा दुखतो. ते ओट्यावर बसले होते. ग्रेसी पाया पडली. तिच्या मागे पास्कल उभा राहिला, बुटका, बारीक, शर्ट आत खोचलेला, केस अकाली पांढरे झालेले. सासरे त्याच्याकडे पाहत राहिले. चेहरा, हात, पायातल्या चपला, सगळं एकदा पाहून झालं.

"मला वाटलं होतं तुम्ही चांगले उंच असाल," ते म्हणाले.

पास्कल ओशाळला. "नाही हो अंकल," तो हळूच म्हणाला, "मी असाच आहे."

"असू दे, असू दे," सासरे म्हणाले, आणि त्याचा हात धरून त्यांनी त्याला आपल्याशेजारी बसवून घेतलं. आतून पानं वाढल्याची हाक आली, तरी बराच वेळ दोघं तिथून उठले नाहीत.