बिंब्रीचा बांडुरंग

ते पाकीट आजही डोळ्यांसमोरून जात नाही. नामांतराच्या बंदोबस्तात सगळे बाहेर होते आणि मी, नवी उपनिरीक्षक, परभणीच्या विशेष शाखेत टपालावर. चारचौघांत बोलायला बुजायचे, पण शिक्षण इंग्रजी शाळेतले. म्हणून इंग्रजी कागद माझ्याकडे.

पत्र आखातातल्या आपल्या वकिलातीचे होते. एका कैद्याची शिक्षा संपली आहे, पासपोर्ट नाही. तो भारतीय असल्याचे कळवा, म्हणजे घरी पाठवता येईल. तुरुंगाच्या यादीवरून उतरवलेले नाव बांडुरंग, गाव बिंब्री, जिल्हा बरभनी. जिल्हा तेवढा मुंबईत कुणीतरी लाल शाईने परभणी केला होता. मी गावांची यादी दोनदा तपासली आणि लिहिले, 'असे गाव जिल्ह्यात नाही.' साहेबांनी सही केली.

अकरा महिन्यांनी पिंप्रीची एक बाई आली. शेळ्या राखणारे घर.

"घरवाले आखातात गेले, बाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. एजंट म्हनतो, मजेत हाय."

सेलूच्या एजंटाला बोलावले. तो खुर्ची ओढून बसला. "मॅडम, उगी तरास घ्यायलाव तुमी. तो एसीत झोपायलाय."

"मग पत्ता द्या."

तासभर पत्ते बदलत राहिला. शेवटी म्हणाला, "शेठकडून पळाला, जेलात गेला. आमी काय करावं?"

"घरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बाकीची मानसं गेली असती का?"

जबाब लिहिणारे हवालदार निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले. त्यांनी 'पांडुरंग, पिंप्री' लिहिले आणि मला त्या पत्रातले नाव आठवले. मी जुने पत्र काढून दाखवले. ते हसले. "बाई, अरबीत प नसतो. तिथं पानीपतचं बी बानीबत होतंय. इचारायचं की मला!"

मी कुणालाच विचारले नव्हते. वकिलातीतूनही कुणी त्याला भेटून विचारले नव्हते.

दुसरा अहवाल गेला आणि तो सुटला. बायकोसोबत ऑफिसात आला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता.

"मॅडम, पयल्या डावाला 'गावच न्हाई' असं कोन लिवलं? तिथं तेच सांगायचे. शेवटी मला बी वाटाया लागलं, नसंलच आपलं गाव."

"फाइल पाहावी लागेल," मी म्हणाले. फाइल माझ्याच टेबलावर होती.

यादी उघडण्याआधी जुन्या हवालदाराला विचारा, असे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आले. का, ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.