अक्काच्या मागचा डोंगर

रेखाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या शिवणक्लासात मुलींना बाही कापून दाखवत होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. रेखा ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची सून. अक्का जळगावात मुलाकडे, प्रदीपकडे राहायची. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. कुणाजवळ पाणी मागायची वेळ तिनं येऊ दिली नाही, आणि ते तिच्या स्वभावाला धरूनच झालं. त्या दिवशी अंत्यविधीला मी रडले नाही असं आमच्या गोतात बोललं जातं. रडले, पण घरी येऊन. गंधमुक्तीच्या दिवशी मी भर मांडवात भांडले असंही बोललं जातं. ते मात्र अगदी खरं आहे. आता काही आठवड्यांत ती गोष्ट तिखटमीठ लावून भुसावळपर्यंत पोचली आहे, म्हणून म्हटलं, मूळ हकिकत आपणच सांगितलेली बरी.

आमचं माहेर धुळ्याकडचं, अहिराणी बोलणारं. अक्काला दिलं जळगावजवळच्या असोद्याला, केळीच्या बागा असलेल्या भरल्या घरात. तिकडची बोली वेगळी. 'आहे'च्या जागी नवी नवरी 'शे' म्हणाली की सासरची माणसं हसायची, तर ही सरळ म्हणायची, "मना तोंडमा मनी मायनी बोली शे." पण दाजी गेले आणि हीच अक्का गप्प झाली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आला, हातातल्या बांगड्या गेल्या, हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप बंद झाली. लग्नकार्यात ती स्वयंपाकघरात भरताची वांगी भाजत बसायची, आणि सगळे भरताची तारीफ करायचे. भरत कुणी केलं ते विचारायला आत कुणी जात नसे. प्रदीपची नोकरी लागल्यावर ती जळगावला आली, तरी असोद्याचा शब्द तिच्यावर चालायचाच. असोद्याचा शब्द म्हणजे तिच्या दिरांचा, नानांचा.

आणि एक दिवस ती मला म्हणाली, "शैला, आपन दोन्ही बहिनी युरोपले जाऊत." मला वाटलं, हिला ताप भरला असावा. जळगावच्या सराफ बाजारात लोक गावोगावहून दागिने घडवायला येतात. अक्का तिथं पेटीत पडून असलेल्या स्वतःच्या पाटल्या मोडायला गेली. नाना दुसऱ्याच दिवशी असोद्याहून मोटरसायकलवर हजर. "ह्या वयात कुठी जाता, वयनी? लोकं काय म्हनतीन? चारधाम करा, मी सोता घेऊन जातो." अक्का पदर सावरत म्हणाली, "देवाकडे तर जायचंच आहे, नाना. तो कुठे पळून जातो? आधी हे पाहून येते." नाना चहा न पिता गेले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी मरसू तव्हय बी लोके बोलतीनच. तोपावत बरफ तं देखी येऊत."

तर आम्ही गेलो. पंधरा-वीस जोडपी आणि आम्ही दोघी बहिणी. अक्काच्या बॅगेत साड्या कमी आणि शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू आणि बिबडे जास्त. बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा जाड पापड. पॅरिसच्या हॉटेलात तिनं तो कपड्यांच्या इस्त्रीवर भाजायला घेतला. बिबडा भाजण्याआधीच छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र कोकलायला लागलं आणि अख्खा मजला जिन्यानं खाली उतरला. टूर मॅनेजरनं कपाळाला हात लावला. धावत आलेल्या हॉटेलच्या उंच, गोऱ्या माणसाच्या हातात अक्कानं अर्धवट भाजलेला बिबडा ठेवला आणि म्हणाली, "खाय, भाऊ." त्यानं खाल्ला. चेहऱ्यावरून आवडला की नाही ते कळलं नाही, पण खाल्ला. मी लाजेनं अर्धी झाले होते. अक्का म्हणाली, "लाजाले काय झाये? चोरी करी का आपन?"

तिचे फोटो पाहिले तर ती कुठल्या शहरात गेली होती हे ओळखताही यायचं नाही. रोममध्ये सगळे जुन्या इमारतींपुढे उभे राहत होते. अक्का मला गल्लीत ओढून घेऊन गेली आणि बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायला लावले. "देख वं, ह्या बी चादर आपलासारखीच झटकतस." भाजीवाल्या, चपला दुरुस्त करणारा एक म्हातारा, कालव्याकाठी बाकावर झोपलेलं एक मांजर... एका शहरात पिकल्या केसांची बाई ट्राम चालवत होती. अक्का तिच्या अगदी मागच्या बाकावर बसली, आणि आमचं उतरायचं ठिकाण आलं तरी उठेना. शेवटी हात धरून उतरवलं. रस्त्यावर उभी राहून ती बराच वेळ त्या ट्रामकडं पाहत होती. मग हळूच म्हणाली, "आठे माले कोनी इचारं नही, तुना धनी कोठे शे." जळगावात तिला रोज कुणी तोंडानं हे विचारत नव्हतं, पण नजरेनं विचारत होतंच की.

आणि मग तो डोंगर. स्वित्झर्लंडमध्ये तारेवरच्या पाळण्यात बसवून आम्हाला वर नेलं. चहूकडे पांढरं, डोळे दिपवणारं ऊन आणि वारा असा, की उभं राहवेना. नऊवारीवर स्वेटर, पायात माझ्या मुलाचे बूट, अशी अक्का पुढं गेली. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून उडवला. मी फोटो काढता काढता थांबले, म्हटलं, सावरून घेईल. तर ती ओरडली, "उडू दे! काढ!" तिनं मूठभर बर्फ उचललं होतं आणि हात वर करून माझ्यावर नेम धरला होता. पिकलेले केस उडताहेत, तोंड उघडं, हसणं थेट घशापर्यंत दिसतंय, बिनबांगडीच्या मोकळ्या हातात बर्फाचा गोळा, आणि मागं अख्खा डोंगर. परत आल्यावर तिनं तोच फोटो मोठा करून आपल्या खोलीत लावला. मला दोनदा बजावलं, "मी गई म्हनजे हाऊच फोटू लावजो बरं."

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटून घरच्यांच्या कपाळी पुन्हा गंध लागतो तो दिवस. मी जळगावला पोचले तेव्हा मांडवात सगळे बसले होते. खुर्चीवर हार घातलेला मोठा फोटो होता आणि त्यात एक परकी बाई बसली होती. चेहरा अक्काचा, पण हसरं तोंड मिटवलेलं. डोक्यावर काठापदराच्या साडीचा पदर, हात जोडलेले, मागं निळे ढग. नानांनी प्रदीपला सांगितलं होतं, "असा केस मोकळे सोडलेला फोटू मांडवात शोभत नाही. जरा साजरा करून आण." प्रदीपनं फोनमधला तो फोटो स्टुडिओत दिला. तिथल्या पोरानं, म्हणे, विचारलंही, "हा मागचा पडदा ठेवू का काढू?" आमच्याकडच्या स्टुडिओत पूर्वी बर्फाच्या डोंगराचा पडदा असायचा, त्यापुढं बसून सगळ्यांचे फोटो निघायचे. त्याला वाटलं, हाही तसलाच पडदा. आणि प्रदीप म्हणाला, काढून टाक. माझी बहीण जिथवर जाऊन आली तो डोंगर पडदा म्हणून पुसला गेला. मी पुढं झाले आणि हात पाहिले. जोडलेल्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या! कॉम्प्युटरमधल्या कुणा सवाष्णीच्या धडावर अक्काचा चेहरा चिकटवला होता.

"प्रदीप, ही कोण?" मी विचारलं.

"मावशी, असं काय करता? आई आहे."

"आईचे हात बघ."

मांडवात चुळबूळ झाली. नाना म्हणाले, "फोटूवाल्याची चूक आहे. तेवढ्यासाठी कार्यात भांडन कशाले?" मग मात्र माझा तोल गेला, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मी म्हटलं, "नाना, उडालेला पदर तुम्हाला लांबून दिसला. बांगड्या तुमच्यासमोर सकाळपासून आहेत, त्या दिसल्या नाहीत. तुम्ही सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं, पण हातांकडं कधी पाहिलं नाहीत. त्याला फोटोवाला काय करील?" हार मी घालणार नाही, असंही सांगितलं. कुणी 'बाई, शांत व्हा' म्हणालं, कुणी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात रेखा आत गेली. अक्काच्या खोलीतला फोटो खिळ्यावरून काढून आणला आणि त्या परक्या बाईच्या पुढ्यात ठेवला. नाना उठून बाहेर मांडवाच्या टोकाशी जाऊन बसले. असोद्याच्या बायका मात्र एकेक करून पुढं आल्या, वाकून फोटो पाहिला. अक्काची म्हातारी नणंद पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हसत होती व माय... अशी हसत होती ही!" तिला ते आयुष्यभरात ठाऊक नव्हतं, आणि मी तिच्यावर चिडू शकले नाही.

ढगांवाला फोटो नानांनी असोद्याला नेला. नेऊ देत. ती जोडलेल्या हातांची बाई त्यांची वहिनी असेल, माझी बहीण नव्हे. अक्काचा फोटो आता जळगावच्या बैठकीत आहे. हार घालत नाहीत, कारण हार घातला की डोंगर झाकला जातो.

परवा मी तिथं होते. असोद्याहून नाना आणि मंडळी जेवायला येणार होती. प्रदीप स्वयंपाकघराच्या दारात येऊन चाचरत म्हणाला, "आजच्या दिवस फोटो आत ठेवू का? ते गेले की परत लावू." रेखा भाकरी थापत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या घरात मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं मान वर केली नाही की थापणं थांबवलं नाही.

"आई आता कुठी जात नाहीत," ती म्हणाली. "ज्याले पाहवत नसीन, त्यानं पाठ करून बसावं."

नाना आले आणि खरोखर पाठ करून बसले. दोनदा भरत मागून घेतलं, कुणी केलं ते विचारलं, आणि रेखानं बाहेर येऊन सांगितलं, "मी." त्यांच्या पाठीमागं, भिंतीवरून, हात वर करून अक्का नेम धरून उभी होती.