शेवटचं कडवं

मुंबईहून सुटतानाच कंडक्टरने माझी ढोलकी एसटीच्या टपावर चढवायला लावली. उन्हाने तिचं चामड्याचं पान ताणून फाटेल म्हणून पेणपर्यंत मी चरफडत होतो. शेजारी आमचा मुख्य गायक गंगाधर बसला होता. आमच्या गायन पार्टीची कॅसेट तेव्हा गावोगाव वाजत होती, आणि तरी महाडकडे जायला आम्ही दोघंही कचरत होतो.

कारण सोनूमामा. बिरवाडीच्या कारखान्यात पाळीवर राबणारा हा माणूस आमचा कवी. ज्या गाण्याने आम्हाला नाव मिळालं, ते त्यांचं. पण ध्वनिमुद्रणात वेळ संपली आणि कंपनीवाल्यांनी शेवटचं कडवं उडवलं. छाप (गाण्यात गुंफलेलं कवीचं नाव) त्याच कडव्यात होती. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मामांनी एक ओळ दिली नव्हती, आणि आता त्यांच्याच वाडीत आम्हाला गायचं होतं.

महाडात चवदार तळ्याच्या पायरीवर ओंजळभर पाणी घेतलं. समोरच्या चहावाल्याने गंगाधरला ओळखलं आणि कौतुकाने कॅसेट लावली. गाणं संपलं, नाव आलं नाही. चहा कडू लागला.

वरंधच्या वाडीत मामांनी हसून स्वागत केलं. तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकी बारीक कोळंबी) वाढता वाढता मामीच बोलल्या.

"कॅशेट उलटीसुलटी करून ऐकली रे. यांचं नाव कुठं आलं नाय."

"आज गातो, मामी," गंगाधर म्हणाला.

दुपारी बुद्धविहारासमोर अख्खी वाडी जमली. कॅसेटवर जिथे गाणं संपतं तिथे आलो, आणि गंगाधर थांबला. दोन वर्षं तेवढंच गाऊन पुढचं तो साफ विसरला होता. मी भीतीने ठेका सोडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे आठवत होतं? मामा खाली मान घालून बसले. स्वतःची छाप स्वतः कशी सांगणार? लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बायकांतून मामी उठल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी खणखणीत सूर लावला:

"वरंधच्या वाटेवरती लावुनी दिवा,
सोनू सांगे, तळ्याचा या थेंब जपावा."

सगळी वाडी मागून गाऊ लागली. मामांनी उपरण्यात तोंड लपवलं. ढोलकी वाजवता वाजवता मी रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

परतीच्या एसटीत गंगाधर तेच कडवं पुटपुटत होता. ढोलकी या वेळी माझ्या मांडीवर होती. निघताना मामांनी खिशात कोंबलेला कागद मी माणगावजवळ उघडला. नवं गाणं होतं. छापेचं कडवं मामांनी या वेळी सगळ्यात आधी लिहिलं होतं.