मालकांच्या गाडीचा पोचा

मालकांच्या नव्याकोऱ्या गाडीला मी ठोकलं, ते त्यांच्याच गॅरेजच्या आवारात, त्यांच्या डोळ्यांदेखत आणि अगदी सावकाश. मी तिथलं जुनं गिऱ्हाईक, माझी गाडी दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. वेगात ठोकलं असतं तर निदान ब्रेक लागला नाही असं तरी म्हणता आलं असतं. गाडी मागं घेताना आरशात बघावं की मान वळवून बघावं, यावर माझं स्वतःशी आजवर एकमत झालेलं नाही. त्या दिवशी मी दोन्ही केलं, आणि दोन्हीत मला मालकांची गाडी दिसली नाही. माझ्या बंपरच्या कोपऱ्यानं त्यांच्या मागच्या मडगार्डात आधी एक खोल ठोसा दिला, आणि मग मी घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्यामुळे तिथपासून दिव्यापर्यंत लांबलचक चर ओढला गेला.

मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे माझं नशीब. तेवढ्यात हातातला पान्हा खाली ठेवून दाजी आले. पोच्यासमोर उकिडवे बसले, डोळे मिटले आणि तळहात त्या चरावरून हळूहळू फिरवला. मग ते हसले. गेल्या वर्षभरात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आवारातली ठोकाठोक एकदम थांबली.

"छान ठोकलीत," ते मला म्हणाले. "ठरवूनही इतकं छान कुणाला जमलं नसतं."

मला वाटलं, माणसाला उन्हाचा त्रास झाला असावा.

दाजी म्हणजे मालकांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, आणि त्याच गॅरेजातले पत्र्याचे कारागीर. बहिणीच्या नवऱ्याला मान द्यायचा असतो आणि पगारी माणसाला राबवायचं असतं. मालकांनी दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवल्या होत्या: "दाजी, जरा त्या गाडीखाली शिरता का?" मालक दाजी म्हणतात म्हणून कामगार दाजी म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, मग समोरचा पंक्चरवाला. एका बायकोच्या जोरावर एवढे मेव्हणे जमवलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

दाजी डूख धरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका चहावाल्यानं त्यांना कधीतरी गार चहा दिला होता. तेव्हापासून दाजी रोज त्याच्या दुकानासमोर उभे राहून शेजारच्याकडचा चहा पितात, आणि तोही फुंकर मारून मारून, त्याला दिसेल असा. पण ही झाली चहाची गोष्ट. मेव्हण्यावर, म्हणजे मालकांवर, त्यांनी धरलेला डूख वेगळ्या जातीचा होता.

झालं होतं ते असं. वर्षापूर्वी परदेशातल्या एका मोठ्या गॅरेजनं दाजींना पसंत केलं होतं. ते गॅरेज दाजींचा तिकडे काम करायचा परवाना काढणार होतं, शिवाय बायकोला आणि मुलीलाही सोबत नेणार होतं. तिकडे पत्रा हातानं सरळ करणारी माणसं उरली नव्हती. सगळं ठरलं. फक्त एक फोन बाकी होता: दाजी आत्ता जिथं काम करतात तिथं विचारायचं, की हा माणूस नक्की काय करतो.

तो फोन मालकांनी काचेच्या केबिनमध्ये घेतला. मालकांना तिकडची भाषा यायची, आणि येते हे ते कुणाला विसरू देत नसत. दाजी बाहेर एक बॉनेट ठोकत होते. काचेतून मेव्हणा हसताना दिसला, मान डोलावताना दिसला. एकदा तर त्यानं दाजींकडे बघून हात केला. दाजींनीही हातोडी वर करून उत्तर दिलं. ती वर केलेली हातोडी आठवली की पुढे वर्षभर दाजींचा घास तोंडातच फिरायचा.

आठवड्याभरात नकार आला. दाजी जमवाजमव करणाऱ्या एजंटाकडे गेले, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या मालकांनीच सांगितलं. म्हणाले, हा माणूस आमच्याकडे गाड्या धुतो."

दाजींनी मेव्हण्याला जाब विचारला. मेव्हणा म्हणाला, "अहो दाजी, तुमच्या भल्यासाठीच. परक्या मुलखात कोण आहे तुमचं? इथं मी आहे."

नेमकी तीच अडचण होती.

तोवर घर निम्मं रिकामं झालं होतं. वहिनींनी, म्हणजे दाजींच्या बायकोनं, गाद्या वाटल्या होत्या, कपाट दिलं होतं, आणि मोठा कुकर खास भावजयीला दिला होता. मुलीनं वर्गात सगळ्यांचा निरोप घेतला होता. मैत्रिणी गळ्यात पडून रडल्या होत्या. पुढच्या सोमवारी ती त्याच बाकावर जाऊन बसली, आणि त्याच मैत्रिणींनी विचारलं, "आलीस पण परत? कसं होतं तिकडचं हवापाणी?" गल्लीत तर दाजी दिसले की कुणीतरी म्हणायचंच, "काय दाजी, विमान चुकलं वाटतं."

मालकांचं घर त्यांच्या घराच्या बरोबर वर. गाद्या परत आल्या, कपाट आलं, कुकर काही आला नाही. रोज सकाळी वरून त्याच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पहिल्या शिट्टीला वहिनी ओठ आवळायच्या, दुसरीला भाजी चिरायचा वेग वाढायचा, आणि तिसरीला दाजी मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडायचे.

कामावर दाजींनी एकच बदल केला. मेव्हण्याला ते आधी घरच्यासारखं "अहो दादा" म्हणायचे. त्या दिवसापासून "मालक" म्हणू लागले. "होय मालक. झालं मालक. धुऊन ठेवू का मालक?" मालकांना ते टोचायचं, पण मालक म्हणू नका असं कुठला मालक सांगणार?

वहिनींनी मात्र वेगळंच मनावर घेतलं. मुलीच्या पुस्तकांतून त्या तिकडची भाषा शिकायला बसल्या. भावाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. भाषा बऱ्यापैकी जिभेवर बसली तशी त्यांनी त्या परदेशातल्या गॅरेजात स्वतः फोन लावला. तिकडच्या फोरमनला त्या म्हणाल्या, "माझा माणूस धुतो की ठोकतो, ते लोकांना कशाला विचारता? डोळ्यांनी बघा."

फोरमन तयार झाला. पण त्याची अट होती. नवी गाडी हवी, खोल चर पडलेला हवा, आणि पुट्टी अजिबात न भरता तो काढून दाखवायचा, व्हिडिओ कॉलवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ही पुट्टी म्हणजे खड्ड्यात भरून वरून रंग मारायचा लगदा, आळशी कारागिराचा मोक्ष. आता नवी गाडी अशा परीक्षेला देणार कोण? दाजींनी दोन-तीन ओळखीच्यांना विचारून पाहिलं. लोकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही ते मूत्रपिंडच मागताहेत.

आणि मग मी गाडी मागं घेतली.

मालकांनी शब्द सापडल्यावर आधी माझी सालटी काढली, मग दाजींकडे वळले. "दाजी, हे काम तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि पुट्टीचा कण लागता कामा नये."

गिऱ्हाइकांच्या गाड्यांत पाट्यांनी पुट्टी भरणारे मालक स्वतःच्या गाडीच्या बाबतीत फार सोवळे होते. दाजींना एवढंच हवं होतं.

"होय मालक," दाजी म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "परवा सकाळी या. दिवा धरायला माणूस लागेल."

"म्हणजे शिक्षा का?"

"शिक्षा कसली? सुरुवात तुम्ही केलीत, शेवट बघायला नको?"

ठरलेल्या सकाळी मी गेलो तर गाडी आवाराच्या मधोमध उभी होती. मागचा दिवा काढलेला, डिकीतलं अस्तर सोललेलं. वहिनी स्टुलावर फोन धरून बसल्या होत्या आणि फोनमध्ये एक टकला, जाड मिशांचा फोरमन कपातून काहीतरी पीत होता. मालक केबिनमध्ये होते. बहीण फोन घेऊन आलेली त्यांना दिसली, पण बायका काहीतरी शूटिंग करतच असतात असं समजून ते आपल्या कामात होते.

दाजींनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. डाव्या हातात लोखंडी ठोकळा घेऊन तो हात डिकीतून पत्र्याच्या मागं घातला, उजव्या हातात हातोडी. पण पहिला ठोसा जिथं बसला होता त्या खोल खड्ड्याला त्यांनी हातच लावला नाही. चर जिथं संपला होता तिथून, दिव्याच्या बाजूनं, सुरुवात केली.

"खड्डा तर तिकडे आहे," मी म्हणालो.

"पोचा पडला तसा उलटा काढायचा असतो. शेवटचा मार आधी, पहिला मार सगळ्यांत शेवटी. आधी खड्ड्यावर मारलं की पत्रा कायमचा बिघडतो. दिवा नीट धरा, माझ्या डोळ्यांवर नको."

टक, टक, टक. चार बोटं पत्रा सरळ झाला की दाजी डोळे मिटून तळहात फिरवत, आणि पुन्हा टक, टक. चर मागं मागं सरकत चालला. फोरमननं कप खाली ठेवला. पण चर जसा आटत गेला तसा उरलेला सगळा ताण त्या पहिल्या खड्ड्यापाशी येऊन साठला. पत्रा तिथं फुगला, रंगाचे पोपडे उडाले, आणि बोट लावलं की रिकाम्या डब्यासारखा डबडब वाजायला लागला. आधी नुसतं दुखणं होतं, आता ते गळू दिसत होतं. मला तर वाटलं, संपलं सगळं.

दाजींनी नेमक्या त्याच क्षणी हातोडी खाली ठेवली. रुमालानं एकेक बोट पुसलं आणि फुगलेल्या पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या. डबडब.

तो आवाज ऐकून मालक केबिनमधून धावत आले. "दाजी, हे काय करून ठेवलंत?"

फोनमधून फोरमननं काहीतरी विचारलं. वहिनींनी फोन भावाकडे वळवला. "दादा, जरा पुढं या. दिसत नाही तुम्ही. ते विचारताहेत, ही गाडी कुणाची?"

मालकांनी फोनमधला चेहरा पाहिला आणि त्यांचा स्वतःचा उतरला. तरी सावरून त्यांनी तिकडच्या भाषेत सांगितलं की गाडी आपलीच. फोरमननं पुढचं विचारलं. ते मला वहिनींनी नंतर सांगितलं: "गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता ना, की हा माणूस गाड्या धुतो? मग स्वतःची नवी गाडी त्याच्या हातात कशी दिलीत?"

मालकांनी दाजींकडे पाहिलं. दाजी पत्र्याकडे बघत होते. "मालक, धुणाऱ्याच्या हातून एवढंच होतं. सांगा त्यांना तसं. मी हात धुऊन येतो."

"अहो, असं अर्धवट सोडून कुठं जाता? हे आता कोण करणार?"

"तुमच्याकडे माणसं आहेत की. पुट्टीही आहे."

कामगारांपैकी कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मालक फोनकडे वळले आणि खालच्या आवाजात तिकडच्या भाषेत भरभर काहीतरी बोलले. इथं कुणाला काय कळतंय, अशा समजुतीनं.

वहिनी आधी तिकडच्या भाषेत एक वाक्य बोलल्या. मालकांचे डोळे असे विस्फारले की मी दिवा त्यांच्याकडेच वळवला. मग त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, "मदतनीस नाही, दादा. 'कामात थोडीफार मदत करतो' असं नाही म्हणायचं. पुन्हा सांगा. आणि जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"अगं, तू माझी बहीण ना?"

"म्हणून तर इतका वेळ थांबले."

मालक आवारभर बघत राहिले. सगळे कामगार हातातलं टाकून उभे होते. रस्त्यापलीकडून पंक्चरवालाही आला होता. दाजींनी सवडीनं एक एक बाही खाली घ्यायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या बाहीपर्यंत मालकांचा धीर सुटला. त्यांनी फोनसमोर, आधी तिकडच्या आणि मग बहिणीनं सांगितलं म्हणून आपल्या भाषेत, सांगितलं की हे आमच्याकडचे सगळ्यांत चांगले कारागीर आहेत, लग्नाआधीपासून हेच काम करतात, आणि गेल्या वर्षी मी खोटं बोललो.

"का?" फोरमननं विचारलं. हे एवढं मलाही कळलं.

"हे गेले असते तर माझं गॅरेज चाललं नसतं."

दाजींनी बाह्या पुन्हा वर सारल्या. बर्नरच्या ज्योतीनं फुगलेली जागा तापवली, ओल्या फडक्यानं निववली, आणि मग त्या पहिल्या ठोशाच्या जागी मोजकेच घाव घातले. शेवटच्या घावाला पत्रा गप्प झाला. डोळे मिटून तळहात फिरवला, मग माझा हात धरून तोही फिरवला. माझ्या हाताला कुठं काही उंचसखल लागलं नाही. फोनमधला फोरमन खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. या वेळी गाद्या कुणाला दिल्या नाहीत, विकल्या. निघायच्या दिवशी वहिनी वर गेल्या. कुकर शेगडीवर होता. भावजय म्हणाली, "अहो, आत्ताच लावलाय, शिजतंय अजून."

"तीन शिट्ट्या झाल्या की काढा. मी थांबते."

तिसरी शिट्टी झाली. वाफ जिरेपर्यंत त्या थांबल्या. आतलं सगळं भावजयीच्या पातेल्यात ओतलं, कुकर स्वच्छ धुतला, पुसला आणि घेऊन खाली आल्या. तो बॅगेत मावेना. मुलगी म्हणाली, "आई, तिकडे मिळतात गं कुकर."

"मिळोत," वहिनी म्हणाल्या, आणि परदेशी निघालेल्या त्या कुटुंबानं कुकर मांडीवर घेतला.

टॅक्सी दारात होती. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला, पुन्हा स्थिर झाला. मालक काही खाली आले नाहीत. कशाला खोटं बोलू, मला त्यांची कीव आली. लोकांच्या भांडणात समेट घडवायचा मला वाईट नाद आहे, बहुधा गाडी चालवण्याइतकाच वाईट. मी टॅक्सीच्या खिडकीशी वाकलो.

"दाजी, झालं गेलं ते झालं. शेवटी चारचौघांत खरं बोलले ना ते? आता जाता जाता चांगला शब्द ठेवून जा. काय निरोप सांगू त्यांना?"

दाजींनी क्षणभर वरच्या पडद्याकडे पाहिलं.

"सांगा, गाड्या धुवायला माणूस बघा."