समज द्यायची होती

मी तिसरीपर्यंत शिकलो. सही मात्र झोकात करतो. अंगठा कधी लावला नाही, आणि कुणाला 'वाचून दाखव' असं कधी म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वालचंदनगरच्या अलीकडं आमची जमीन. विहीर धाकट्या भावात आणि माझ्यात सामाईक. चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. काही खटकलं की मी इंदापूरला आमच्या म्हाताऱ्या वकिलांकडं जायचो. "साहेब, त्याला जरा समज द्या." ते दावा लावत नसत. भावाला पोस्टकार्ड टाकायचे, रविवारी दोघं या. मग ओट्यावर बसवून आधी मलाच झाडायचे. "तात्या, थोरला तू. तुलाच अक्कल नाही, त्याला कुठनं येणार?" भाऊ गालात हसायचा. परतताना आम्ही एकाच सायकलवर.

नव्वद सालानंतर ते थकले, कोर्ट सुटलं. त्यांच्या हाताखालचे बारामतीला मोठ्या ऑफिसात गेले. तिथं कंपन्यांची, बँकांची कामं. काचेचं दार, कॉम्प्युटर, आत भिंतीवर ठळक अक्षरांत दरांचा तक्ता. त्यात नोटीस होती, दावा होता, करारनामा होता. समज नव्हती.

एकदा भावानं माझ्या पाळीत मोटर चालू केली. मी बारामती गाठली.

"धाकट्याला जरा समज द्यायचीय," मी म्हणालो.

टायवाल्या वकिलानं घड्याळ बघितलं. "म्हणजे नोटीस."

"नोटीस न्हाय हो. समज."

"काका, तेच ते."

दहा मिनिटांत मशीनमधून कागद निघाला. मजकूर तयारच असतो, नाव आणि गट नंबर तेवढा बदलतात, हे मागनं कळलं. "वाचून घ्या," म्हणाला. मी चष्मा लावला, कागदावरनं नजर फिरवली, मान हलवली आणि सही ठोकली.

आठवड्यानं भाऊ दारात. हातात रजिस्टरचं पाकीट. लेकीनं वाचून दाखवलं होतं त्याला.

"दादा, ह्यात मला चोर म्हणलंय. फौजदारी करणार म्हणं. ही विहीर आपण दोघांनी खांदली का न्हाय?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"का त्या वकिलानंच मनचं घातलंय? तसं सांग."

उत्तर तोच माझ्या तोंडात देत होता. मला वाचता आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्याला ते ठाऊकही होतं. पण त्याची बायको त्याच्या मागं उभी होती, आणि शेजारचेही बघत होते.

"सही कुणाची हाय?" मी म्हणालो. "मीच लिवलंय."

"बरं," म्हणाला. पाकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःचं बोअर घेतलं. आता आठही दिवस पाळी माझीच.

एकदा इंदापूरला गेलो होतो. म्हातारे वकील खाटेवर पडून होते. सगळं सांगितलं. मनात म्हटलं, झाडतील, झाडू देत. त्यांनी माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"एकटाच आलास, तात्या?"