टाकीवरचा शेवंतीचा हार

कानडी मुलखात, बोम्मसंद्र्यातल्या आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एक काचेची टाकी होती. तिच्यात डॅफ्निया, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणपिसवा, टुणटुण उड्या मारत असायच्या. तपासायला पाणी आलं की त्यात दहा पिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी किती हलताहेत ते बघायचं. यंत्र एखादवेळी चुकेल, या चुकत नाहीत, असं अक्का म्हणायच्या.

अक्का आमच्या वरिष्ठ, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. अकरा वर्षं त्यांनी ती टाकी सांभाळली होती. निवृत्तीला महिना उरला होता आणि टाकी त्या माझ्या हवाली करणार होत्या. मी पुण्याची, स्वतःला फार हुशार समजणारी, पण या एका गोष्टीचा मला खरोखर अभिमान वाटत होता.

आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी प्रिंटरलासुद्धा कुंकू लागतं. अक्कांनी होसकोटेजवळच्या भावाच्या मळ्यातली पिवळी शेवंती टोपलीभर आणली होती. सूक्ष्मदर्शकाला हार झाला, तराजूला झाला. अक्का खाली गेटपाशी कोहळा फोडायला गेल्या आणि टाकी तेवढी बोडकी राहिली. हौसेला मोल नाही. मी उरलेला हार टाकीच्या काठावर घातला. त्याचं टोक पाण्यात लोंबत होतं, ते मला दिसलं होतं. छान दिसतंय म्हणून मी तसंच राहू दिलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तेव्हा पाण्यात काहीच हलत नव्हतं. तळाशी पांढुरका थर बसला होता.

अक्कांनी हार काढला, हुंगला आणि तिथूनच भावाला फोन लावला.

"अण्णा, फुलांवर काय मारलंस?"

"कीडनाशक. तोडायच्या आदल्या दिवशीपण मारतो. कीड दिसली तर मार्केटात कोण घेतंय?"

"सरी, ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. "आपलेच दात, आपलेच ओठ," त्या मला म्हणाल्या. "या पिसवांचं बियाणं त्याच्याच विहिरीतून आणलं होतं मी. रविवारी जाऊन परत आणते."

हार कुणी घातला, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवारपर्यंत टाकी हिरवी पडत गेली. शेवाळ खाणारं कुणी उरलंच नव्हतं. सोमवारी अक्का बाटली घेऊन आल्या. पूर्वी त्या विहिरीचा तळ दिसायचा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. बाटलीतलं पाणी टाकीसारखंच हिरवं होतं. तरी मी थेंबामागून थेंब भिंगाखाली धरत राहिले.

"स्वल्प तरी?" मागून अक्कांनी विचारलं.

"एकही नाही, अक्का."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला टाकीची वही दिली. शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात होती: सगळ्या मेल्या, मी आणलेल्या फुलांमुळे.

आता टाकीत दुसरीकडून मागवलेल्या पिसवा आहेत. त्या चांगल्या उड्या मारतात. तरी सकाळी दिवा लावायच्या आधी मी क्षणभर अंधारातच थांबते, मला भीती वाटते. वही तिथेच खणात आहे. त्या ओळीखाली खरं काय ते लिहायला मी कितीदा तरी पेन उघडलंय.